मुरगावचा छापा आणि पाणबुड्यांची थाप

माझ्या भाचीने शाळेच्या प्रकल्पात तो व्हॉट्सॲपवरचा मेसेज जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र राहवलं नाही. मेसेजचं म्हणणं असं: दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४३ मध्ये कलकत्त्याच्या वयस्क इंग्रजांनी पोर्तुगीज गोव्याच्या मुरगाव बंदरात घुसून शत्रूची, म्हणजे जर्मनी-इटलीची, ४ जहाजं बुडवली. त्यांतल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावरून जर्मन पाणबुड्यांना रेडिओने खबर जायची. महिन्याच्या पहिल्या ११ दिवसांत पाणबुड्यांनी १२ जहाजं बुडवली, छाप्यानंतर उरलेल्या महिन्यात फक्त एक. पुरावा काय, तर ‘द सी वुल्व्ज’ हा याच छाप्यावरचा १९८० चा सिनेमा!

सिनेमात रॉजर मूरचं प्रेमप्रकरणही आहे. तेही इतिहासात घालायचं का?

छापा पडला फक्त ‘एरेनफेल्स’वर. तेही बुडवलं तिच्याच खलाशांनी, आग लावून आणि तळाच्या झडपा उघडून. बाकीच्या तिन्ही जहाजांवर कुणी पाऊलही ठेवलं नाही. ज्वाळा पाहून त्यांच्या खलाशांनी ती आपणहून बुडवली.

आता ते आकडे. छापा ९ मार्चच्या रात्रीचा. मग ‘आधीचे’ दिवस ११ तारखेपर्यंत कसे मोजले? ११ मार्चलाच ‘यू-१६०’ या जर्मन पाणबुडीने ‘एलीब्रिन’ हे जहाज बुडवलं, म्हणजे छाप्यानंतर. हीच पाणबुडी ३-४ मार्चला ‘डीएन-२१’ या जहाजांच्या ताफ्यावर तुटून पडली होती आणि तिने त्यातली ४ जहाजं बुडवली होती. कुठे? दक्षिण आफ्रिकेत, डर्बनजवळ. मुरगावपासून डर्बन साडेसहा हजार किलोमीटरहून लांब! ताफा डर्बनहून निघालेला, पाणबुडी फ्रान्सच्या तळावरून आलेली आणि तिला हुकूम देणारं मुख्यालय युरोपात. यात मुरगावात १९३९ पासून अडकून पडलेलं जहाज येतं कुठे? यूबोट डॉट नेट या वेबसाइटवर प्रत्येक पाणबुडीने कुठलं जहाज कधी बुडवलं याची नोंद आहे, पाच मिनिटं काढून बघावी. मार्चनंतर दक्षिण आफ्रिकेजवळचा मारा मंदावला तो टॉर्पेडो आणि इंधन संपत आल्यामुळे. मे ते ऑगस्टमध्ये नव्या पाणबुड्या आल्या आणि जहाजं पुन्हा बुडू लागली. गोव्यातला रेडिओ तेव्हा कुठे होता?

छापा खरा होता, हे मान्य. ‘एरेनफेल्स’वर गुप्त रेडिओ आहे असा इंग्रजांना संशय होता हेही खरं, आणि सगळं प्रकरण १९७८ पर्यंत दडवून ठेवलं होतं हेही. पण त्या रात्री ‘एरेनफेल्स’चा कप्तान आणि काही खलाशी मारले गेले, त्याबद्दल या मेसेजमध्ये एक अक्षर नाही.