पंगत उठायच्या आधी

१९८७ साली जन्मलेली पर्ल नावाची प्रोग्रॅमिंगची भाषा आमच्या ऑफिसात अजून नांदतेय. तिचा सांभाळ माझ्याकडे आला, कारण ती येणारे एकेक करून निघून गेले आणि मी भर मीटिंगमध्ये "थोडीफार येते" म्हणून बसलो.

काम साधं. पुस्तकांच्या यादीची एक अगडबंब एक्सएमएल फाइल, म्हणजे प्रत्येक माहिती उघडत्या-बंद होत्या खुणांच्या, टॅगच्या, जोडीत बसवलेली. तिच्यातून प्रत्येक पुस्तकाचं नाव आणि लेखक काढायचा. अशी फाइल वाचणाऱ्या पर्लच्या 'ट्विग' मॉड्यूलमध्ये आपण कॉलबॅक, म्हणजे हाक आली की चालणारे कोडचे तुकडे, लिहून ठेवायचे, टॅग बंद झाला की आपल्याला हाक येते. लग्नघरातल्या काकांसारखं: "मी इथंच बसलोय, लागलं तर बोलवा."

पहिला दिवस नावांऐवजी स्क्रीनवर 'हॅश' आणि पुढे कंसात अगम्य आकडे बघण्यात गेला. हाकेसोबत दोन गोष्टी हातात येतात, आधी अख्खं झाड, म्हणजे सगळी फाइल, मग हवी ती फांदी, म्हणजे नुकता बंद झालेला टॅग. मी पहिली उचलली आणि झाडालाच फांदी समजून कुरवाळत बसलो.

ते निस्तरलं, तर लेखक सगळे हजर आणि पुस्तकांची नावं कोरी! एरर नाही, वॉर्निंग नाही. एरर आला असता तर निदान भांडता आलं असतं. ओळीओळीला प्रिंट मारले. नाव वाचलं जातंय, लेखक वाचला जातोय. पुस्तकाच्या कॉलबॅकमध्ये पोचेपर्यंत नाव गुल.

रविवारी भाच्याची मुंज. पंगतीत साहेबांचा फोन आला, "झालं का?" दोन मिनिटं बाजूला गेलो. परत येतो तर पान गायब! शेजारच्या पोरांचं आटपलं, म्हणून वाढप्याने अख्खी ओळच उचलली होती. माझ्या पानावरची मसालेभाताची मूद आणि न मोडलेली जिलबी, दोन्ही गेल्या.

मी तिथंच ओरडलो, "पर्ज!"

आतला टॅग आधी बंद होतो, म्हणजे पोरांची पंगत आधी. मेमरी भरू नये म्हणून लेखकाच्या कॉलबॅकमध्ये, लेखक टिपून झाल्यावर, मीच मोठ्या शहाणपणाने 'पर्ज' लिहिला होता. तो तोवर वाचून झालेलं सगळं मेमरीतून उचलतो, लेखकाच्या आधी आलेलं नावसुद्धा. मग पुस्तकाची हाक येते, तेव्हा पानावर काय असणार?

"काय झालं रे?" ताई धावत आली.

"काही नाही, एक ओळ चुकीच्या जागी होती."

घरी येऊन ती ओळ पुस्तकाच्या कॉलबॅकच्या शेवटी नेली. नावं आली. जिलबी मात्र ताईने डब्यात दिली नाही, म्हणाली, "तू जेवलास ना?"