फेकल्या मिठाला कसे जागावे

जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफ लढतीचं, म्हणजे टीव्हीवरच्या त्या अमेरिकन कुस्तीचं, परीक्षण लिहायला बसताय ना? मग लढत पंचासारखी पाहायला शिका. अगदी जवळून, डोळे फाडून, आणि नेमक्या क्षणी भलतीकडे.

नमुन्यादाखल ४ एप्रिल १९९३ चा रेसलमेनिया, म्हणजे त्यांचा वर्षातला सगळ्यात मोठा जलसा, घ्या. लास व्हेगासचा सीझर्स पॅलेस, उघड्या आभाळाखाली रिंग, सगळा थाट रोमन. समालोचक जिम रॉस टोगा गुंडाळून बसलेला आणि बॉबी हीनन उंटावर उलट्या तोंडाने बसून आलेला. त्या उंटावर सहज दोन परिच्छेद निघतात, ते काढाच. मुख्य लढत जेमतेम नऊ मिनिटांची, तेव्हा जागा भरायला उंटच कामी येतो.

लढत ब्रेट हार्ट आणि योकोझुनाची, विजेतेपदाचा पट्टा ब्रेटचा. योकोझुना जपानी सुमो पैलवान म्हणून मिरवला जायचा. गडी सामोअन घराण्यातला, जन्म अमेरिकेतला. हे लिहू नका, नाहीतर ‘अरे, हे सगळं ठरलेलंच असतं’ म्हणणारे काका स्वयंपाकघरातून चहाचा कप घेऊन बाहेर येतात. (रोज रात्री मालिकेतल्या सुनेसाठी डोळे पुसतात तेच हे काका.) वजन मात्र जरूर लिहा: ५०५ पौंड, म्हणजे २२९ किलो. शाळेजवळच्या दुकानात पैलवानांचे पत्ते मिळायचे, ज्याच्या पत्त्यावरचा आकडा मोठा तो जिंकायचा; त्यांत योकोझुना हाती लागला की आम्ही पत्ता नीट बघायच्या आधीच ‘वजन!’ म्हणून ओरडायचो.

आता खरा माणूस. योकोझुनाचे मॅनेजर मिस्टर फुजी. यांच्याबद्दल आदराने लिहा. आपल्याकडचा वस्ताद बिचारा पहाटे उठून डाव शिकवतो आणि कुस्तीच्या दिवशी कडेला बसून घसा कोरडा करतो. पठ्ठ्याला एवढा त्रास कशाला द्यायचा? डाव आपणच टाकावा! ब्रेटने त्या अगडबंब देहाला पालथं पाडलं, दोन्ही पाय अडकवून शार्पशूटर नावाची आपली पकड लावली आणि मागे रेलला. तेवढ्यात फुजींची मूठ उघडली. पांढरा फराटा थेट ब्रेटच्या डोळ्यांत. मीठ! ब्रेट दोन्ही हातांनी डोळे चोळतोय, योकोझुना त्याच्यावर आडवा, एक, दोन, तीन. पंचाला काही दिसलं नाही. तुम्हालाही दिसायला नको. फारच वाटलं तर लिहा, ‘लढत अळणी होत चालली होती, मॅनेजरांनी वेळीच लक्ष घातलं.’ आपल्या घरी मीठ-मोहरी ओवाळून दृष्ट काढतात. फुजींनी दृष्टीच काढली, एवढाच काय तो फरक. आणि थोडा दोष ब्रेटच्याही पदरात टाका. एवढ्या मोठ्या लढतीला माणसाने डोळे उघडे ठेवून यावं का?

पुढचा भाग हळुवार हाताने लिहायचा आहे. अन्याय झाला म्हणून हल्क होगन धावत आला. त्याच दिवशी टॅग टीमच्या, म्हणजे जोडीच्या लढतीतल्या, पट्ट्यांसाठी लढून रिकाम्या हाताने परतलेला हाच होगन. तो पंचाशी भांडतोय, ब्रेटची विचारपूस करतोय, तेवढ्यात फुजींनी माइक हातात घेऊन त्यालाच आव्हान दिलं. पट्टा मिळून दोन घटका झाल्या नव्हत्या, तो पुन्हा पणाला! ब्रेटने मिटल्या डोळ्यांनी हातानेच खूण केली, जा म्हणून. फुजींनी दुसरी मूठ उघडली, होगन खाली वाकला आणि मीठ योकोझुनाच्या डोळ्यांत. मग एक हाताचा तडाखा, एक लेगड्रॉप (उडी मारून पाय अंगावर आदळायचा), आणि २२ सेकंदांत होगन विजेता.

याला ‘मैत्री’ म्हणा. ज्याचे डोळे चुरचुरताहेत त्याला धीर द्यायला गेलेला माणूस पट्टा घेऊन घरी जातो, हे ज्याने कुठल्याही कचेरीत चार वर्षं काढली आहेत त्याला समजावून सांगावं लागत नाही. तिथे फक्त २२ सेकंदांत उरकत नाही, मार्चअखेरपर्यंत थांबावं लागतं.

होगनचं पुढे काय झालं, तेही एका ओळीत उरका. १३ जूनला ओहायोतल्या डेटनमध्ये योकोझुनाशीच लढत असताना रिंगच्या काठावर चढलेल्या एका ‘जपानी छायाचित्रकारा’चा कॅमेरा होगनच्या तोंडासमोर भडकला आणि पट्टा गेला. छायाचित्रकार म्हणजे वेश बदललेला हार्वी व्हिपलमन. धंद्याने तोही मॅनेजरच, पण तुम्ही ‘तांत्रिक बिघाड’ लिहा.

राहता राहिले तारे. पाचांपैकी एक उंटाला द्या, त्याने कोणाच्या कामात नाक खुपसलं नाही. फुजींना पहिल्या मुठीचे दोन, दुसऱ्या मुठीचा एक कापून घ्या, नेम चुकला म्हणून. ब्रेटला देऊ नका. त्याच्या डोळ्यांपुढे आधीच पुष्कळ चमकताहेत.