‘भूगोल’ शब्द म्हणजे पुरावा नव्हे

‘भूगोल हा शब्दच सांगतो की पृथ्वी गोल आहे. आपल्या ऋषींना हे वेदकाळापासून ठाऊक होतं. युरोप मात्र ती सपाट मानायचा, आणि गोल म्हटल्याबद्दल गॅलिलिओला शिक्षा झाली.’ व्हॉट्सअॅपवर वर्षानुवर्षं फिरणारा हा मजकूर आता माझ्या भाचीच्या शाळेतल्या भाषणात शिरलाय, म्हणून लिहायला बसले.

गॅलिलिओचं आधी उरकते. १६३३चा खटला पृथ्वीच्या आकारावरून नव्हताच. ती सूर्याभोवती फिरते, या मतावरून होता. ती गोल आहे हे ग्रीकांना इसवी सनापूर्वीच माहीत होतं. चंद्रग्रहणात तिची सावली गोलाकार पडते, हे अॅरिस्टॉटलने लिहून ठेवलंय.

आता तो ‘शब्दच सांगतो’वाला तर्क. शब्द हाच पुरावा मानायचा, तर मग ‘पृथ्वी’चं काय करायचं? ऋग्वेदात ‘भूगोल’ नाही, ‘पृथ्वी’ आहे. प्रथ् म्हणजे पसरणे. पृथ्वी म्हणजे पसरलेली, विस्तीर्ण. याच न्यायाने वेदांनी पृथ्वी सपाट ठरवली असं कुणी म्हटलं, तर चालेल?

‘भूगोल’ शब्द जुना आहे, हे मान्य. इसवी सन ४९९च्या सुमारास आर्यभट ‘भूगोलः सर्वतो वृत्तः’ असं स्वच्छ लिहितो. पण तेव्हाही आपल्याकडे सगळ्यांना हे पटलेलं नव्हतं. पुराणांत मधोमध मेरू, भोवती जंबुद्वीप आणि मग समुद्रांची कडी अशी पसरट रचना आहे. म्हणून तर आणखी साडेसहाशे वर्षांनी, ११५०मध्ये, भास्कराचार्यांना ‘सिद्धान्तशिरोमणी’त वाद घालावा लागला. पृथ्वी आरशासारखी सपाट असती, तर वर दूरवर फिरणारा सूर्य मेरूवरच्या देवांना दिसतो तसा माणसांनाही सतत का दिसत नाही, असं ते विचारतात. मग ती सपाट का भासते? तर परिघाचा शंभरावा भाग सरळच दिसतो, पृथ्वी प्रचंड आहे आणि माणूस तिच्यापुढे अगदी लहान. इतका नेटका युक्तिवाद आपल्याच ग्रंथात असताना मुलांच्या हाती नुसता एक शब्द द्यायचा, याचा मला खरंच राग येतो.

व्हॉट्सअॅपच्या त्या मजकुरासोबत वराहाच्या सुळ्यांवर गोल पृथ्वी असलेलं चित्रही येतं. मध्य प्रदेशातल्या उदयगिरीच्या गुहेतलं पाचव्या शतकातलं वराहशिल्प बघा. त्याने उचललेली भूदेवी स्त्रीरूपात आहे. गोळा तिथे नाही.