नेहमीचे गेम व्हीआरमध्ये: फिरत्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

ठाणे-नवी मुंबईतल्या गेमिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. त्याचा मजकूर असा: "नेहमीचे गेम कन्व्हर्टर लावून व्हीआरमध्ये खेळू नका. ते खरं थ्रीडी नसतं, डोळ्यांवर टीव्ही बांधल्यासारखं असतं. दहा मिनिटांत उलटी होते. दोन लाखांचा पीसी लागतो. शिवाय हे हॅकिंग आहे, अकाउंट बॅन होतं. हेडसेट घेतलाच असेल तर पैसे खऱ्या व्हीआर गेमवरच घाला."

हा मेसेज वाचून खारघरच्या माझ्या एका मित्राने हेडसेट विकायला काढला. कन्व्हर्टर (पडद्यासाठी बनलेला साधा गेम व्हीआर हेडसेटमध्ये, म्हणजे आभासी जगात, चालवणारं सॉफ्टवेअर) त्याने एकदाही चालवून पाहिला नव्हता. आपल्याकडचे बरेचसे हेडसेट परदेशातून आलेल्या कुणाच्या तरी बॅगेतून आलेले असतात. बिघडले तर दाद मागायची कुठे हा प्रश्नच असतो आणि विकले तर निम्मी किंमतही मिळत नाही. म्हणून या मेसेजला नीट उत्तर द्यायला हवं. त्यातलं प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या परिस्थितीत खरं ठरतं. पण कन्व्हर्जनचे तीन-चार वेगवेगळे प्रकार एकाच पोत्यात भरून त्यातल्या सगळ्यात वाईट प्रकारावरून सगळ्यांना नापास केलंय.

आधी टीव्हीचा मुद्दा घेऊ, कारण बाकीचे गैरसमज त्यातूनच फुटतात.

स्टीमव्हीआर (स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाचं हेडसेट चालवणारं सॉफ्टवेअर) चालू असताना साधा गेम सुरू केला, की हेडसेटमध्ये एक मोठा सपाट पडदा समोर येतो आणि गेम त्या पडद्यावर चालतो. हेडसेट आहे याचा गेमला पत्ताही नसतो. अनेकांनी 'कन्व्हर्जन' म्हणून पाहिलेलं असतं ते हेच. हा खरोखरच डोळ्यांवर बांधलेला टीव्ही आहे, पण हे कन्व्हर्जन नाही.

दुसरा प्रकार अंतराच्या माहितीवर चालतो. गेम चित्र एकदाच काढतो. त्यातला प्रत्येक पिक्सेल कॅमेऱ्यापासून किती लांब आहे याची नोंद ग्राफिक्स कार्डकडे असतेच. ती नोंद वापरून पिक्सेल थोडे सरकवायचे आणि दुसऱ्या डोळ्यासाठी चित्र तयार करायचं. व्होर्पएक्स या कन्व्हर्टरमध्ये याला झेड-बफर थ्रीडी म्हणतात. कार्डावर ताण कमी पडतो, पण खांबाआड जे दडलेलं आहे ते दुसऱ्या डोळ्याला दाखवायचं तर अंदाजाने भरावं लागतं. त्यामुळे माणसांच्या कडेने पाण्यासारखं काहीतरी हलत राहतं आणि खोली उथळ वाटते. हे पाहून कुणी 'खोटं थ्रीडी' म्हणालं तर मी वाद घालणार नाही.

तिसऱ्या प्रकाराबद्दल मात्र मेसेज साफ चुकीचा आहे. इथे गेमचं अख्खं दृश्य दोनदा काढलं जातं, दोन वेगळ्या कॅमेऱ्यांतून. मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या बाहुल्यांमध्ये सरासरी ६३ मिलिमीटर अंतर असतं, तेवढंच अंतर या दोन कॅमेऱ्यांमध्ये ठेवलं जातं. व्हीआरसाठीच बनलेला गेमसुद्धा हेच करतो. २०१३ पासून विक्रीला असलेलं व्होर्पएक्स काही निवडक गेममध्ये हे करतं. जानेवारी २०२४ मध्ये सर्वांसाठी मोफत आलेलं यूईव्हीआर अनरीयल इंजिन (गेम बनवण्याचं तयार सॉफ्टवेअर) ४ आणि ५ वर बनलेल्या बहुतांश गेममध्ये ते करू पाहतं.

ते जमतं कसं, हा भाग मला फार आवडतो. अनरीयल हे इंजिन व्हीआर गेम बनवण्यासाठीही वापरतात. त्यामुळे दोन डोळ्यांसाठी दोनदा चित्र काढण्याची यंत्रणा त्यात मुळातच आहे. एखाद्या स्टुडिओने व्हीआरचा विचारही केला नसला, तरी ती यंत्रणा त्यांच्या गेमच्या पोटात आपल्या घरी येते. यूईव्हीआर तिला जागं करतं. 'एलियन: आयसोलेशन'ची गोष्ट यापेक्षाही बोलकी आहे. २०१४ मध्ये हा गेम येण्याआधी त्याचा व्हीआर डेमो ई-थ्री प्रदर्शनात दाखवला होता. बाजारात आलेल्या गेममध्ये व्हीआर अधिकृतपणे नव्हतं, पण त्याचे अवशेष आत राहिले होते. २०१७ मध्ये मदरव्हीआर नावाच्या मॉडने (गेममध्ये बाहेरच्या कुणी केलेल्या बदलाने) त्यांना पुन्हा चालतं केलं. बनवणाऱ्यांनीच लिहिलेल्या कोडमधून दिसणाऱ्या खोलीला खोटी म्हणायचं कशावरून?

एक साधी परीक्षा कुणालाही घेता येईल. गेममध्ये एखाद्या खांबासमोर उभं राहा, एक डोळा मिटा आणि डोकं आडवं हलवा. खांब आणि मागची भिंत एकमेकांच्या तुलनेत सरकत असतील, वाकून खांबामागचं दिसत असेल, तर तुम्ही त्या जागेत आहात. टीव्हीसमोर कितीही वाकलात तरी पडद्याच्या चौकटीबाहेरचं दिसत नाही.

वरून किंवा बाजूने दिसणाऱ्या गेममध्येही हे मजेदार वाटतं. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सचा २०२० मधला 'राजी' अनरीयल ४ वरचाच आहे. त्याच्यासारख्या दूरच्या कॅमेऱ्याच्या गेममध्ये वाडे, बुरूज, पायऱ्या असं सगळं दिवाळीतल्या किल्ल्यासारखं आपल्यासमोर मांडलेलं दिसू लागतं आणि वाकून कोपऱ्यात डोकवावंसं वाटतं.

तिसऱ्या प्रकारातही खोट आहे, ती लपवून उपयोग नाही. काही गेममध्ये सावली किंवा पाण्यातलं प्रतिबिंब एकाच डोळ्याला दिसतं, आणि ते डोळ्यात खड्यासारखं सलतं. पडद्याच्या चार कोपऱ्यांत बसवलेले आकडे आणि नकाशे हेडसेटमध्ये नजरेच्या अगदी काठावर जातात, ते मेनूतून जवळ ओढून घ्यावे लागतात. साध्या गेमचा कॅमेरा जेवढं बघतो त्याच्या बाहेरच्या वस्तू गेम काढतच नाही, म्हणून मान वळवली की कधी कधी काठावर झाड अचानक उगवतं. काही मॉड एका फ्रेमला डावा डोळा आणि पुढच्या फ्रेमला उजवा अशी पाळी लावतात. कार्डाचं काम त्यामुळे निम्मं होतं, पण ७२ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ७२ चित्रं दाखवणाऱ्या, हेडसेटवर प्रत्येक डोळ्याला सेकंदाला ३६ च नवी चित्रं मिळतात आणि पळणारी माणसं दुहेरी दिसतात. हे दिसलं तर सगळं कन्व्हर्जन रद्दी ठरवू नका. आधी मेनूतला मोड बदला.

आता "दहा मिनिटांत उलटी". हा त्रास खरा आहे, काहींना फारच होतो, आणि त्याला घाबरणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. पण त्याचं कारण कन्व्हर्टर नाही, डोळे आणि कान यांच्यातला विसंवाद आहे. आतल्या कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका डोकं कसं वळतंय ते मेंदूला सांगतात. कल्याणहून एसटीने माळशेज घाट चढताना मोबाइलमध्ये मान घालून बसलेल्याला मळमळतं, कारण कान वळण सांगतो आणि डोळ्यांसमोरचा मोबाइल स्थिर असतो. व्हीआरमध्ये याच्या उलट होतं: डोळ्यांना पळणं दिसतं आणि शरीर खुर्चीत बसलेलं असतं. त्याच घाटात ड्रायव्हरला सहसा काही होत नाही, कारण पुढचं वळण त्याला आधीच माहीत असतं, ते तोच घेतो.

कुठला गेम निवडावा याचं उत्तर यातच आहे. कॅमेरा तुमच्या हातात असेल तोवर त्रास कमी. गेमने तुम्हाला न विचारता कॅमेरा हलवला की पोट ढवळतं. कटसीन (गेममधले आपोआप चालणारे सिनेमासारखे प्रसंग), स्फोटाचे हादरे, चालताना वरखाली होणारी मान हे खरे गुन्हेगार, आणि साध्या गेममध्ये ते भरपूर असतात, कारण ते पडद्यासाठी बनलेत. म्हणून सेटिंगमध्ये जाऊन मोशन ब्लर बंद करा, कॅमेरा शेक शून्यावर आणा, वळणं टप्प्याटप्प्याने होतील असं ठेवा. कटसीन सपाट पडद्यावर बघायची सोय असेल तर ती वापरा. पहिल्यांदा गाडी किंवा विमानाचा गेम घ्या, तिथे आजूबाजूची केबिन स्थिर असते. किंवा पात्र समोर दिसणारा गेम घ्या. घाम फुटला, जांभया आल्या की लगेच हेडसेट काढा. 'सवय होईल' म्हणून रेटत राहिलात तर पुढच्या वेळी हेडसेट नुसता हातात घेतला तरी मळमळेल. एसीच्या खोलीत गार झालेल्या काचांवर चेहऱ्याच्या वाफेने धुकं धरतं आणि अंधुक चित्राने डोळे आणखी थकतात. हेडसेट चालू करून थोडा वेळ तसाच ठेवला की काचा कोमट होतात. आपल्या दमट हवेत ही पाच मिनिटं द्यावीच लागतात.

दोन लाखांच्या पीसीचा मुद्दा आकड्यांनीच सोडवू. फुल एचडी मॉनिटरवर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात. मेटाच्या क्वेस्ट २ हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्याला १८३२ गुणिले १९२०, म्हणजे दोन्ही मिळून ७० लाखांवर. क्वेस्ट ३ मध्ये ९१ लाख, तर फोर-के टीव्हीवर ८३ लाख. मॉनिटरवर ६० फ्रेम चालतात, इथे किमान ७२ हव्यात, आणि ९० हर्ट्झला एका फ्रेमसाठी जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात. अनरीयल ५ वरचा, आधुनिक प्रकाशयोजनेचा गेम यात घातला तर महागडं कार्डही धापा टाकतं. त्या गेमपुरता मेसेज बरोबर आहे.

पण साधे गेम म्हणजे फक्त यंदाचे गेम नव्हेत. २००४ चा 'हाफ-लाइफ २', २०११ चा 'स्कायरिम', गेल्या दशकातले अनरीयल ४ वरचे कितीतरी गेम मधल्या फळीतल्या कार्डांसाठी हलके आहेत. कन्व्हर्जनची खरी मजा मला तिथेच वाटते, कारण हे गेम बहुतेकांनी कधीच सेलमध्ये घेऊन ठेवलेले असतात. रेझोल्यूशन थोडं उतरवायलाही लाजू नये. गेम नवा घ्यावा लागलाच तर स्टीमवर तो १४ दिवसांच्या आत, २ तासांपेक्षा कमी खेळला असेल तर परत करता येतो. तेवढ्या वेळात आपल्या पीसीची झेप कळते. अनेकांचा पीसी निर्दोष असतो आणि दोष पीसीवरचं चित्र हेडसेटपर्यंत नेणाऱ्या वाय-फायचा असतो. घोडबंदर रोडच्या किंवा नेरुळच्या टॉवरमध्ये प्रत्येक फ्लॅटचा राउटर त्याच हवेत ओरडत असतो, त्यात आपला हॉलमध्ये आणि हेडसेट बेडरूममध्ये. पीसी राउटरला लॅन केबलने जोडा, राउटर त्याच खोलीत आणून ५ गिगाहर्ट्झवर ठेवा, नाहीतर सरळ यूएसबी केबल लावा. हे केल्याशिवाय कार्डाला दोष देऊ नका.

"हे हॅकिंग आहे" या वाक्यात दोन आरोप मिसळलेत. पहिला चोरीचा. यूईव्हीआरमध्ये कुठल्याही गेमचं चित्र किंवा आवाज नसतो. गेम तुमच्याकडे असावाच लागतो. यूईव्हीआरचा सोर्स कोड गिटहब या वेबसाइटवर उघडा आहे. चालू गेममध्ये आपली फाइल घुसवण्याची पद्धत स्टीमचा ओव्हरले (गेमवर उघडणारी खिडकी) हाही वापरतो. वाद झालेले आहेत. २०२२ मध्ये टेक-टू या गेम कंपनीने पेट्रिऑन या वेबसाइटवर पैसे घेऊन दिल्या जाणाऱ्या व्हीआर मॉडवर हरकत घेतली आणि 'जीटीए ५', 'रेड डेड रिडेम्प्शन २' यांचे मॉड तिथून काढले गेले. पण तो वाद कंपनी आणि मॉड बनवणारा यांच्यातला होता. घरी बसून आपला गेम खेळणारा त्यात कुठेच नव्हता.

दुसरा आरोप बॅनचा, आणि इथे मेसेजने उलट अधिक जोरात बोलायला हवं होतं. ऑनलाइन गेममध्ये कन्व्हर्टर अजिबात वापरू नका. अँटी-चीटला, म्हणजे फसवेगिरी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरला, तुमची फाइल आणि फसवणाऱ्याची फाइल यांत फरक करता येत नाही. 'फोर्टनाइट' आणि 'व्हॅलोरंट' अनरीयलवरचेच आहेत, म्हणून मुलांना मोह होणारच. घरात कुणी लहान भावंड तुमच्या पीसीवर खेळत असेल तर त्याला बसवून हे सांगा. वर्षानुवर्षांचं अकाउंट एका संध्याकाळी जाऊ शकतं. एकट्याने खेळायच्या, अँटी-चीट नसलेल्या गेममध्ये ही भीती नाही. फाइल मात्र मूळ पानावरूनच उतरवा, ग्रुपवर कुणी टाकलेली झिप उघडू नका.

शेवटचा सल्ला "खऱ्या व्हीआर गेमवरच पैसे घाला". मार्च २०२० चा 'हाफ-लाइफ: अलिक्स' खेळला नसेल तर जरूर घ्या. हाताने दार ढकलणं, खणातून गोळ्या शोधणं हे मुळापासून व्हीआरसाठी रचलेलं असलं की काय होतं ते तिथे कळतं, आणि कन्व्हर्टर ते देत नाही. पण एवढ्या खर्चाने बनलेले मोठे व्हीआर गेम बोटांवर मोजण्याइतके आहेत. ते संपल्यावर हेडसेटने काय करायचं? 'रेसिडेंट ईव्हिल ७' २०१७ मध्ये आला तेव्हा त्यातलं व्हीआर फक्त प्लेस्टेशनवाल्यांना मिळालं. पीसीवाल्यांना ते दिलं २०२२ मध्ये एका मॉडने. त्याच वर्षी 'हाफ-लाइफ २'चा व्हीआर मॉड मोफत आला, आणि त्यात बंदूक खरोखर हातात धरता येते. मेसेजने आखलेली खऱ्या-खोट्याची रेघ इथे कुठून काढायची?

जागेचा विचार तर त्या मेसेजमध्ये नाहीच. उभं राहून, फिरून खेळायच्या व्हीआरला स्टीमव्हीआर किमान २ मीटर गुणिले दीड मीटर मोकळी जागा मागतं. वर्तकनगरच्या वन बीएचकेमध्ये पलंग, कपाट आणि अभ्यासाचं टेबल सोडून तेवढी जागा शिल्लक राहत नाही. पंखा डोक्याच्या वर, आणि शेजारून आई कपड्यांची घडी घेऊन जाणार. कन्व्हर्ट केलेला गेम खुर्चीत बसून, हातात साधा गेमपॅड घेऊन खेळता येतो. त्याला लागणारी जागा खुर्चीएवढीच.