४ टक्के म्हणजे दुप्पट जोर नव्हे

“दाढ काढायची असेल तर आर्टिकेनच मागा. ते ४ टक्क्यांचं, म्हणून जुनाट लिडोकेनच्या दुप्पट जोरदार. काढताना दुखलं तर हलकं औषध टोचलं असं समजा. अ‍ॅड्रेनालिन नसलेलं इंजेक्शन घ्या, हृदय जपा. सल्फाची अ‍ॅलर्जी असेल त्यांनी मात्र आर्टिकेन टाळावं.”

हा मजकूर फिरत फिरत माझ्या खुर्चीपर्यंत येतो. पेशंट ‘आ’ करायच्या आधी फोन पुढे करतो. मी दातांचा डॉक्टर, दात बधिर करणारी ही दोन्ही औषधं रोज वापरतो आणि आर्टिकेन मला आवडतंही. पण ते मागायची ही कारणं चुकीची आहेत.

आधी टक्के. ४ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४० मिलिग्रॅम औषध, २ टक्के म्हणजे २०. ते किती विरघळवलंय एवढंच यातून कळतं, त्याचा जोर नाही. बुपिव्हाकेन नावाचं औषध अवघ्या ०.५ टक्क्याचं असतं आणि त्यानं ओठ सात-आठ तास बधिर राहू शकतो. टक्क्यांवर जोर ठरत असता तर ते सगळ्यांत मरतुकडं निघालं असतं. उलट ४ टक्क्यांमुळे कमाल मात्रा लवकर गाठली जाते. १.७ मिलिलिटरच्या एका कार्ट्रिजमध्ये (इंजेक्शनच्या भरलेल्या नळीत) ६८ मिलिग्रॅम आर्टिकेन असतं आणि मर्यादा वजनाच्या किलोमागे ७ मिलिग्रॅम. २० किलोच्या मुलाची मर्यादा दोन कार्ट्रिजमध्येच संपते.

‘जुनाट’बद्दल थोडक्यात. स्वीडनच्या निल्स लोफग्रेन यांनी लिडोकेन १९४३ साली बनवलं. आर्टिकेन जर्मनीत १९७६ पासून वापरात आहे, म्हणजे तेही काही कालचं पोर नाही.

आता ‘दुखलं तर औषध हलकं’. खरा घोळ इथेच आहे. वरच्या जबड्याचं हाड सच्छिद्र, त्यामुळे दातालगत टोचलेलं औषध मुळापर्यंत झिरपतं. खालच्या दाढांभोवतीचं हाड जाड आणि घट्ट. तिथे जबड्याच्या मागच्या बाजूला, नस हाडात शिरते त्या जागी औषध सोडावं लागतं. याला आम्ही ‘ब्लॉक’ म्हणतो. सुई चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे झाली तर औषध कोणतंही असो, भूल अपुरी पडते. आर्टिकेनचं खरं कौतुक वेगळ्याच ठिकाणी आहे: खालच्या पहिल्या दाढेच्या गालाकडच्या बाजूला टोचलं तर ते लिडोकेनपेक्षा चांगलं लागू पडतं. ब्लॉकमध्ये मात्र दोघांत फारसा फरक उरत नाही.

त्यात दात पेटलेला असला की गणितच बदलतं. औषधाचा विद्युतभार नसलेला अंशच नसेच्या आवरणातून आत जातो. शरीराच्या नेहमीच्या ७.४ पीएचला (पीएच म्हणजे आम्लतेचं माप; आकडा उतरला की आम्लता वाढते) लिडोकेनचा साधारण चौथा हिस्सा या रूपात असतो; पू झालेल्या जागी पीएच ६.४ वर आला तर जेमतेम ३ टक्के. आर्टिकेनचंही जवळपास तसंच. शिवाय सुजलेल्या दाताची नसच हळवी झालेली असते, म्हणून लांबून दिलेला ब्लॉकही कधी कधी फसतो. अशा वेळी दात आणि हाड यांच्यामधल्या फटीत किंवा थेट हाडात जास्तीचं औषध द्यावं लागतं. आणखी एक: दाढ हलवताना दाब जाणवतोच, कारण दाब वाहून नेणारे जाड तंतू सहजी बधिर होत नाहीत. घाबरलेल्या माणसाला तो दाबही दुखणं वाटतो. त्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण औषधालाही देऊ नका.

अ‍ॅड्रेनालिनचा मुद्दा सगळ्यांत धोक्याचा. लिडोकेन रक्तवाहिन्या रुंदावतं, म्हणून एकटं दिलं तर दाताच्या आतली भूल ५ ते १० मिनिटांत ओसरते. अ‍ॅड्रेनालिन वाहिन्या आवळतं, भूल तासभर टिकते, रक्त कमी जातं. हृदयरोग्यासाठी साधारण ०.०४ मिलिग्रॅमची मर्यादा पाळतात. एक लाखात एक या प्रमाणाच्या १.८ मिलिलिटर कार्ट्रिजमध्ये ते ०.०१८ असतं, म्हणजे दोन कार्ट्रिज चालतात. भूल अर्ध्यावर उतरून कळ आली, तर शरीर स्वतःच अ‍ॅड्रेनालिन ओतायला लागतं, आणि त्याला कसली मर्यादा! हृदयविकार आटोक्यात नसेल, झटका नुकताच येऊन गेला असेल किंवा रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी चालू असेल तर गोष्ट वेगळी. ते डॉक्टरला आधी सांगा. अशा पेशंटसाठी ३ टक्के मेपिव्हाकेन बिनअ‍ॅड्रेनालिनचं मिळतं, २० ते ४० मिनिटांचं काम त्यात होतं.

सल्फाचं म्हणाल तर आर्टिकेनच्या रेणूत गंधक आहे, पण सल्फा औषधांतली रचना नाही. सल्फाची अ‍ॅलर्जी असणाऱ्याला ते चालतं. विचारायचंच तर सल्फाइटबद्दल विचारा. अ‍ॅड्रेनालिन टिकावं म्हणून ते कार्ट्रिजमध्ये घालतात, आणि ते अ‍ॅड्रेनालिनवाल्या लिडोकेनच्या कार्ट्रिजमध्येही असतं.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट: ४ टक्क्यांच्या औषधांनी खालचा ब्लॉक दिल्यावर जीभ किंवा ओठ बराच काळ बधिर राहिल्याच्या नोंदी आहेत. दोष औषधाचा की सुईचा, यावर अजून वाद आहे. तो मिटेपर्यंत मी ब्लॉकला लिडोकेन आणि गालाकडून आर्टिकेन, असंच करतो.