वेलेवर यावे, ही विनंती

आईला ८१वं लागलं म्हणून सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला आणि राजवाड्याजवळच्या एका छपाईच्या दुकानात टाकला. प्रूफ व्हॉट्सॅपवर आलं तेव्हा मी पुण्याच्या मावसभावाला इंदूरला कुठल्या गाडीने यायचं ते समजावत होतो, त्यामुळे न वाचताच अंगठा दाखवला. एवढी माझी चूक. बाकीची सगळी, लिहून ठेवा, दुसऱ्यांची.

दोनशे पत्रिका घरी आल्या. पहिली आईच्या हातात दिली. तिने चष्मा लावला आणि मोठ्यांदा वाचायला घेतली.

"आमच्या मातोश्री श्रीमती मालती काले यांचा सहस्रचंद्रदर्शन सोहला... वेल, सकाली १० वाजता... सर्व मंडलींनी वेलेवर यावे..." इथे ती थांबली. "वेलेवर कशाला रे? मांडवावर दोडका चढवलायस का?"

पूर्ण पत्रिकेत एकही ळ नव्हता. मी मोजून अकरा ळ लिहून दिले होते. अकराच्या अकरा गायब. बरं, दुकानदार नुसता घेणारा नव्हता, देणाराही होता. 'वाढदिवस' या शब्दात ढ च्या खाली त्याने स्वखुशीने एक टिंब दिलं होतं, 'वाढ़दिवस'. म्हणजे आमचं अख्खं अक्षर ठेवून घेतलं आणि वर नुक्ता भेट.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोहे न खाताच निघालो. इंदूरच्या माणसाने पोहे न खाता घर सोडणं म्हणजे काय, हे इथल्यांना वेगळं सांगायला नको.

"भिया, इसमें ळ नहीं है."

"क्या नहीं है?"

"ळ."

"लिखा तो है अंकल. ये देखो. ल."

"ल नहीं. ळ."

तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. दाताचा डॉक्टर बघतो तसा. मग समजुतीच्या स्वरात म्हणाला, "अंकल, दोनों एक जैसेई तो आ रिया है."

इथपर्यंत मला राग नव्हता. त्याची भाषा वेगळी, त्याच्या वर्णमालेत ते अक्षर नाही, त्याने कुठून आणावं? राग यायला कारणीभूत झाले ते बाजूच्या स्टुलावर बसलेले काका. मरून मफलर, हातात लॅमिनेशन करायला आणलेला कुठलासा दाखला, आणि लॅमिनेशन केव्हाच होऊन गेलेलं. आपलं काम झाल्यावरही दुकानात बसून राहणाऱ्या माणसांची एक जातच असते. काका तिच्यातले.

"मराठी का?" काका म्हणाले. "मी पण. तिलक नगरला असतो."

टिळकांचा तिलक झालाय हे त्यांच्या गावीही नव्हतं. मी गप्प बसलो. तिथेच उठून दुसऱ्या दुकानात जायला हवं होतं.

"सांगू का काले," काकांनी स्टूल पुढे ओढलं, "यात या पोराचा दोष नाही. दोष सॉफ्टवेअरचा आहे. विंडोज एक्सपी गेलं तेव्हाच सगळं बिघडलं. एक्सपीसारखं झालं नाही आणि होणार नाही. त्यावर ती हिरवी टेकडी होती बघा, निळं आकाश, पांढरे ढग. आठवते?"

"आठवते."

"ती आपल्या महूजवळच्या जानापावची आहे."

मी म्हटलं, "काका, तो फोटो अमेरिकेतला आहे. कॅलिफोर्नियातलं सोनोमा. चार्ल्स ओ'रियर नावाच्या माणसाने १९९६ साली काढलाय."

"सगळे असंच सांगतात," काका दया येऊन म्हणाले. "माझा साडू महूला होता. पावसाळ्यात त्याने स्वतः पाहिलीय. तीच टेकडी, तोच उतार. आता त्यांनी तिकडच्या माणसाचं नाव लावलं तर आपण काय करणार?"

एखाद्याच्या साडूने स्वतः पाहिलेल्या टेकडीपुढे पुरावा चालत नाही. दुकानातला भिया मात्र या माहितीने इतका खूश झाला, की कॉम्प्युटरवर माझी फाइल बाजूला सारून त्याने तो फोटो शोधला आणि दोघंही पाच मिनिटं त्यात चंबळचा उगम कुठे असेल ते बघत बसले.

माझ्या हातात दोनशे पत्रिकांचा गठ्ठा. वेल सकाली १०ची. आई घरी दोडक्याच्या विनोदावर अजून हसत असणार.

"पण ळ?" मी म्हटलं.

"हां, ळ," काका म्हणाले. म्हणजे त्यांनी म्हटलं 'ल', पण माझ्याकडे बघून म्हटलं, त्यावरून कळलं. "त्याचं असंय काले, ती पुणेकरांची फॅशन आहे. इथे सानंद संस्था नाटकं आणते, ती बघतो ना मी. तिकडून नट येतात, ते मुद्दाम जीभ वळवून बोलतात. वेऽळ, काऽळ. पहिल्या रांगेत बसलं की उडतं अंगावर. आपण इंदूरचे. आपल्याला साधं बोलायची सवय."

आता मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "काका, ऋग्वेद पुणेकरांनी लिहिलाय का? अगदी पहिलं सूक्त, अग्निमीळे पुरोहितम्. दुसऱ्याच शब्दात ळ आहे."

काका क्षणभर थांबले. मला वाटलं, लागला.

"तेव्हा कीबोर्ड नव्हता," काका म्हणाले.

यावर काय बोलणार! भिया टाळी द्यायचा तेवढा बाकी होता.

मग काका एआयवर आले. येणारच होते. हल्ली कुठल्याही दुकानात, रिक्षात, अंत्ययात्रेत माणूस तिसऱ्या वाक्याला एआयवर येतो. "हे छपाईवाले आता संपले," काका छपाईवाल्याच्याच दुकानात बसून त्याच्याच देखत म्हणाले, "पुतण्याच्या मुलाची मुंज झाली, अख्खी पत्रिका एआयने केली. एक पैसा नाही." आणि मला फोनवर ती दाखवली. बटू गोरापान, पाठीमागे हिमालय, शेजारी हत्ती. मजकूर लांबून देवनागरी वाटत होता. जवळून बघितलं तर सराफ्यात रात्री कढईत सोडतात तसे नुसते वेढे. वर शिरोरेघ तेवढी सरळ.

"काका, यात काय लिहिलंय?"

"मुंजीचंच असणार," काका म्हणाले. "सगळे आले होते की जेवायला."

आणि मग माझं म्हणणं एकदाचं निकालात काढावं म्हणून त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि त्यालाच विचारलं. आयुष्यात पहिल्यांदाच असावं, पण त्यांनी जीभ खरोखर वळवली. "ळ! ळ! ळ म्हणजे काय?" फोनने पडद्यावर लिहिलं, 'लड़ लड़ लड़', आणि कुस्तीचा व्हिडिओ लावला. काकांनी तो पूर्ण पाहिला.

हसू येतं आता. तेव्हा नाही आलं. कारण नंतर काका जे म्हणाले त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. फोन खिशात ठेवत ते अगदी सहज म्हणाले, "अहो काले, होळ गावचे म्हणून होळकर ना? ज्यांनी या शहरावर राज्य केलं, त्यांचं विमानतळावर काय लिहिलंय? होलकर. कॉलेजवर? होलकर. स्टेडियमवर? होलकर. त्यांनी नाही तक्रार केली. तुम्ही कोण?"

खरंच, मी कोण! पळशीकर कॉलनीचं पलसीकर झालं, तेव्हा मी तिथूनच रोज स्कूटरने जात होतो. घरातही काही फार वेगळं नाही. मुलगी ऐकते हिंदी, बघते कोरियन, बोलते या दोन्हींची मिसळ, आणि आजीने "काळे म्हण" म्हटलं की "तेच तर म्हटलं, काले" म्हणते. मीही कुठे धुतल्या तांदळाचा आहे? आयुष्यभर स्वतःचं आडनाव इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. त्यात ळ नाहीच. आमच्या ऑनलाइन मीटिंगमध्ये बंगळूरची एक मुलगी मला दोन वर्षं 'मिस्टर केल' म्हणतेय. केल ही परदेशी पालेभाजी असते. मी एकदाही तिला थांबवलं नाही, उलट प्रत्येक वेळी 'येस' म्हणालो. इंदूर २०१७ साली स्वच्छतेत देशात पहिलं आलं, तेव्हापासून आम्ही ओला कचरा वेगळा, सुका कचरा वेगळा इतक्या निष्ठेने करतोय की त्याच गाडीत कधीतरी मी हे अक्षरही टाकलं असणार. पिवळी गाडी गाणं वाजवत येते, घाईत काय काय जातं.

गंमत म्हणजे कॉम्प्युटरने हे अक्षर कधीच टाकलं नव्हतं. युनिकोडने, म्हणजे जगभरच्या अक्षरांना कॉम्प्युटरसाठी नंबर देणाऱ्या यादीने, देवनागरीला १२८ घरांची चाळ दिली, त्यात ल चं घर ०९३२ आणि ळ चं ०९३३. भिंतीला भिंत. सरकारी इनस्क्रिप्ट कीबोर्डवर तर दोघं एकाच कळीवर. नुसती दाबली की ल, शिफ्टबरोबर दाबली की ळ. विंडोजमधला मंगल फाँट, ज्यात अख्ख्या हिंदी मुलखाची सरकारी पत्रं वर्षानुवर्षं टाइप होत आली, तो र. कृ. जोशींनी केला. मराठी कवी आणि सुलेखनकार. त्यात ळ आहेच. आणि माळव्याला तरी या अक्षराचं वावडं कुठे आहे? आमचा दूधवाला सांवेरकडच्या खेड्यातला. माळवी बोलतो. अख्ख्या गल्लीत मला काळे म्हणून हाक मारणारा तो एकटा. 'काळे साब' म्हणतो, असा घट्ट ळ, की दुधात पाणी असलं तरी मी काही बोलत नाही.

"फाँट कौनसा है?" मी भियाला विचारलं.

"कृतिदेव. और कौनसा?"

कृतिदेव म्हणजे छपाईवाल्यांचं गुपित राज्य. त्यात कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजीच लिहितोय. भारत लिहायचं तर एच, के, के, जे, आर अशा कळा बडवायच्या, आणि फाँटने वरून देवनागरीचा मुखवटा चढवायचा. फाँट काढून घेतला की भारताचं एचकेकेजेआर उरतं. मी फोनवर त्याच्या कळांचा तक्ता शोधला. दोन मिनिटं लागली. शिफ्ट आणि जी.

"शिफ्ट जी दबाओ."

त्याने दाबलं. पडद्यावर ळ उमटला. गुटगुटीत, दोन्ही गाल फुगवलेला.

"अरे!" भिया म्हणाला. "ये तो जलेबी है!"

जी ची कळ नुसती दाबली की ह येतो. म्हणजे 'है' लिहिताना ती लागते. हा माणूस वीस वर्षं दुकान चालवतोय, दिवसातून हजारदा 'है' लिहीत असेल, आणि हजारही वेळा ळ त्याच्या बोटाखालीच होता. ह, ळ. शाळेत बाईंनी आम्हाला याच क्रमाने पाठ करून घेतलं होतं. मला उगाचच भरून आलं. काकांना काही वाटलं नाही. ते म्हणाले, "एक्सपीमध्ये हे जी शिवाय यायचं."

भिया मात्र पेटला होता. नवीन अक्षर सापडल्याचा आनंद मी समजू शकतो. "अंकल, टेंशन मत लो, एक बार में सब सुधार देता हूँ," म्हणत त्याने मी 'थांब' म्हणायच्या आत शोधा-आणि-बदला लावलं आणि एंटर मारलं. मग खुर्ची फिरवून माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही आता पेढे मागणार.

सोहळा झाला होता. वेळ आली होती. मंडळीही जमली होती. काळेही काळेच होते, परंतु मातोश्री श्रीमती माळती. आम्ही 'आपळे' स्वागत करीत होतो. 'बाळगोपाळांसह' बरोबर होतं, पण पुढच्या ओळीत 'फुळे व भेटवस्तू आणू नयेत'. आणि सगळ्यात शेवटी, मधोमध, नक्षीच्या दोन वेलींमध्ये:

ळोभ असावा.

"अब देखो," काका म्हणाले. त्यांनी मान तिरपी करून वाचलं. "हां. हे पुण्याचं वाटतंय."

तिसरं प्रूफ मी स्वतः स्टुलावर बसून एकेक अक्षर बोट ठेवून तपासलं. त्यासाठी काकांना उठावं लागलं. ते उभे राहून बघत होते आणि ज्या ज्या ठिकाणी ल ठीक होता तिथे तिथे "इथे राहिला बघा" म्हणत होते. नुक्ता काढला. पुन्हा दोनशे प्रती. पुन्हा दोन दिवस.

बिल हाताने लिहिलेलं मिळालं. वर नाव: श्री काले जी. खाली तपशील: पत्रिका पुनः छपाई, २०० नग. त्याखाली आणखी एक ओळ: 'ळ लगाने का चार्ज, ११ नग, ११० रु.' हा ळ भियाने स्वतःच्या पेनाने काढला होता, सावकाश, दोन्ही गाल फुगवून, आमच्या बाईंनीही पाठ थोपटली असती असा.

मी पैसे दिले. काका म्हणाले, "महाग लावले. जरा घासाघीस करायची होती, काले."