गाडी माझी, खबर काकांना

जुनी गाडी नावावर करून घ्यायला आरटीओचे २९ आणि ३० नंबरचे फॉर्म लागतात. ते भरले, सह्या झाल्या, आरसीवर माझं नाव चढलं, विमा माझ्या नावावर आला, हप्ता माझ्या खात्यातून जाऊ लागला. हे सगळं फक्त गाडीला कुणी कळवलं नव्हतं. तिच्या लेखी मालक अजून मला ती विकणारे नाशिकचे काकाच.

गाडीत सिमकार्ड आहे. आपण कुठे आहोत, किती वेगात आहोत, कचकन ब्रेक कुणी मारला, हे सगळं ती कंपनीच्या सर्व्हरला सांगते आणि सर्व्हर काकांच्या मोबाइलमधल्या अ‍ॅपला. काका बँकेतून निवृत्त झालेले. वेळ भरपूर, हिशेब चोख.

पहिला फोन एक्सप्रेसवेवरून परतल्यावर आला. लेक सासरी पाठवलेल्या बापाच्या सुरात काका म्हणाले, "एकशे आठने नेलीत म्हणे. तिला ऐंशीच्या वर सवय नाही हो." नंतर मे महिन्यात एकदा मी बँकेच्या रांगेत असताना वॉचमन धावत आला. खाली बंद गाडीत एसी सुरू झाला होता. मी काकांना फोन लावला. "उन्हात उभी दिसली," ते म्हणाले, "म्हटलं, जरा गार करून ठेवावी."

इथवर मी सोसलं. पण पुढे आमच्या हिची आणि काकूंची फोनवर ओळख झाली. डॉक्टरांनी माझं गोड बंद केलंय. एका दुपारी मी सदाशिव पेठेत मस्तानीचा दुसरा चमचा तोंडात घालतोय तोच हिचा फोन. "मीटिंग कशी चाललीये?" मी म्हटलं, रंगात आलीये. "संपव आता. काका म्हणतात, गाडी नो पार्किंगमध्ये आहे."

गाडीच्या कंपनीच्या कॉल सेंटरला फोन केला. पलीकडची मुलगी अतिशय गोड बोलत होती. "सर, प्रायमरी युजरच्या नंबरवर ओटीपी जाईल. तो त्यांनी दिला की अकाउंट तुमच्या नावावर."

"पण मालक मी आहे."

"हो सर. गाडीचे मालक तुम्हीच आहात सर. अकाउंटचे मालक ते आहेत."

सर्व्हिस सेंटरवाल्याने माझी कैफियत मान डोलवत शेवटपर्यंत ऐकली आणि विचारलं, "साहेब, फ्लोअर मॅट बदलून देऊ का?"

राहिले काका. नोकरीची शेवटची वर्षं काउंटरवर येणाऱ्या प्रत्येक माणसाला त्यांनी एकच मंत्र दिला होता, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. "अगदी बँकेतून बोलतोय म्हणाला तरी नाही. तुम्ही तर बँकेतूनही बोलत नाही आहात," काका म्हणाले. मी गाडीचं नाव घेतलं. ते म्हणाले, फसवणारे असंच काहीतरी नाव घेतात.

हे दुखणं एकट्या माझं नाही, एवढंच समाधान. आयबीएममधले सुरक्षातज्ज्ञ चार्ल्स हेंडरसन यांनी २०१७ साली जाहीर सांगितलं होतं की, विकून काही वर्षं झालेली त्यांची जुनी गाडी अजून त्यांच्या मोबाइलवर दिसते. कुठे उभी आहे तेही कळतं आणि कुलूपही उघडता येतं. हेंडरसन ते एका परिषदेत सांगून मोकळे झाले. काकांना परिषद मिळाली नाही, मी मिळालो.

रात्री झोप येईना म्हणून कंपनीचं प्रायव्हसी धोरण वाचायला घेतलं. (झोप येण्यासाठी उत्तम.) मोझिला फाउंडेशनने २०२३ मध्ये पंचवीस मोटार ब्रँडांची अशी धोरणं तपासली होती. एकही ब्रँड पास झाला नाही, आणि ८४ टक्के ब्रँड आपली माहिती इतरांना देण्याची किंवा विकण्याची मुभा स्वतःकडे ठेवून होते. निसानच्या अमेरिकेतल्या धोरणात तर गोळा होऊ शकणाऱ्या माहितीत लैंगिक आयुष्याचाही उल्लेख होता. आमच्या मागच्या सीटवर कायम कोथिंबिरीची जुडी आणि इस्त्रीचे कपडे असतात. कंपनीची निराशाच व्हायची.

पण अमेरिकेतली जनरल मोटर्सची भानगड वाचली आणि काका एकदम देवमाणूस वाटू लागले. तिथल्या व्यापार आयोगाने जानेवारी २०२५ मध्ये ठपका ठेवला की, ही कंपनी काही वेळा अगदी दर तीन सेकंदांनी गाडीची जागा आणि चालवण्याच्या सवयी टिपत होती आणि मालकांची नीट परवानगी न घेता ती माहिती विकत होती. ती फिरत फिरत विमा कंपन्यांकडे जायची. सिअ‍ॅटलजवळच्या एका माणसाचा विम्याचा हप्ता २१ टक्क्यांनी वाढला. त्याने चौकशी केली तेव्हा त्याच्या गाडीचा २५८ पानांचा अहवालच हाती पडला. कुठल्या दिवशी किती वाजता निघाला आणि किती वेळा जोरात ब्रेक मारला, सगळं त्यात. आमचे काका दर तीन सेकंदांनी विचारत नाहीत. मधे जेवतात, वामकुक्षी घेतात. आणि माहिती विकत नाहीत, हिला फुकट देतात.

आपलं सरकारही या बाबतीत अगदीच विरक्त नव्हतं. गाड्यांच्या 'वाहन' आणि लायसन्सच्या 'सारथी' या नोंदींमधली माहिती खाजगी कंपन्यांना देऊन ६५ कोटी मिळाल्याचं २०१९ साली संसदेत सांगितलं गेलं. ते धोरण पुढच्या वर्षी गुंडाळलं. २०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदींना तिथून पुढे आणखी अठरा महिने. माझ्याबद्दलची माहिती खोडून टाकायला सांगण्याचा हक्क मला त्यात आहे. ती हिच्या डोक्यातून खोडायची सोय मात्र नाही.

परवा सिग्नलला उभा असताना गाडीच्या स्क्रीनवर चुकून बोट लागलं आणि 'अलीकडची ठिकाणं' अशी यादी उघडली. वरची दोन-चार माझी. खाली सगळं नाशिक. बँक, दवाखाना, मुलीचं घर. आणि गंगापूर रोडवरचं एक मिसळीचं ठिकाण, तारखांसकट, दर गुरुवारी. गुरुवार म्हणजे काकांचा कडक उपास. त्या उपासाचं कौतुक काकूंनी हिला सांगितलं होतं आणि हिने मला, मस्तानीच्या संदर्भात, अनेकदा.

गाडी बाजूला घेतली. फोन लावला.

"काका, गंगापूर रोडच्या मिसळीला तर्री जास्त की रस्सा?"

पलीकडे शांतता. मागून काकूंचा आवाज आला, कुणाचा फोन आहे हो? दार लावल्याचा आवाज झाला.

"पेन आहे का जवळ?" काका हळूच म्हणाले. "ओटीपी लिहून घ्या. चार, सात, शून्य..."